लार्प म्हणजे ढोंग का, आणि नाशिकमध्ये सुरुवात करायची तर कुठून

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेज रोडला राहणारा एक मुलगा मित्रांसोबत बरेच दिवस टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत, बोलत गोष्ट पुढे न्यायचा खेळ, खेळतोय, आता त्याला टेबलावरून उठून, वेश करून, पात्र होऊन चालत बोलत खेळायचंय, म्हणजे लार्प करायचंय. ग्रुपवर त्याने हे टाकलं तर एकाने लिहिलं, "तुझं आयुष्यच लार्प आहे", आणि बाकीच्यांनी त्यावर हसण्याचे इमोजी टाकले. तर तो विचारतोय की ताई, हे खरंच ढोंगीपणाचं आहे का, मला अभिनय येत नाही तरी चालेल का, आणि नाशिकमध्ये सुरुवात करायची तर नक्की काय करू.

मी हे खेळ लिहिते आणि चालवते, हौशी नाटकातून इकडे आले, त्यामुळे मोठंच उत्तर देणारे, सवडीने वाच.

आधी त्या टोमण्याचं बघू, कारण तो डोक्यात बसला तर तू पुढचं काहीच करणार नाहीस. माणूस जे नाहीये ते असल्याचा आव आणतोय असं वाटलं की हल्ली ऑनलाइन लोक त्याला लार्प करतोय म्हणतात. इंग्रजी इंटरनेटवर हे साधारण गेल्या दशकाच्या उत्तरार्धात फार वाढलं, कोणीतरी निनावी माणूस यायचा, मी सरकारात आत बसलोय मला आतली बातमी माहितीये म्हणायचा आणि बाकीचे म्हणायचे हा लार्प करतोय. तिथून ते राजकारणात गेलं, मग क्रिप्टो, स्टार्टअप, जिम, धर्म, सगळीकडेच, आणि आता आपल्याकडच्या रील्सखालीसुद्धा दिसतं. भाड्याची गाडी, उधारीचं घड्याळ, नफ्याचे स्क्रीनशॉट आणि खाली कोर्सची लिंक, अशा माणसाला कोणी लार्प म्हटलं तर मी त्या म्हणणाऱ्याशी भांडणार नाही. आपल्याकडे म्हणतातच, सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही, आणि हे लोक नेमकं तेच सोंग आणायला बघतात आणि त्यात दुसऱ्याचे पैसे जातात. असल्या कोणी शेअर बाजाराचा सल्ला विकायला घेतला तर आधी सेबीकडे त्याची नोंदणी आहे का ते बघ, गाडी बघू नको.

पण त्या माणसात आणि तुला जे करायचंय त्यात फरक आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. समोरच्याला माहितीये का, एवढंच बघायचं. आपण आता खेळतोय हे सगळ्यांना माहितीये, कधी सुरू झालं ते माहितीये, कधी संपणार ते माहितीये, आणि मधेच कोणालाही बाहेर पडता येतं, तर तो खेळ. यातलं एक जरी नसेल तर मग ती फसवणूक, मग कपडे कितीही भारी असोत.

आपल्या इतिहासातलंच बघ ना. १७६१ ला पानिपतात सदाशिवरावभाऊ गेले, आणि नंतर एक माणूस मीच भाऊ म्हणून उभा राहिला. लोक त्याच्या मागे गेले, फौज जमली, कोकणात गडबड झाली, शेवटी १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. लोकांना भाऊ परत यायला हवे होते म्हणून त्याचं फावलं, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की हा खेळ आहे. आता याच्या शेजारी बहुरूपी ठेव. तो इन्स्पेक्टर बनून दारात येतो, काठी आपटतो, तुमच्यावर वॉरंट आहे म्हणतो, आणि घरातली शेंबडी पोरंसुद्धा ओळखतात की हा बहुरूपी आहे, आजी आतून पैसे आणून देते. दोघांनीही दुसऱ्याचा वेश घेतला, पण एकाने लोकांना अंधारात ठेवलं आणि दुसऱ्याने नाही. तुझा मित्र या दोघांना एकाच पोत्यात घालतोय.

आणि वेश घेऊन दुसरं कोणीतरी होणं हे काही तू परदेशातून आणत नाहीयेस. धुळवडीला जुन्या नाशकात उभा राहा, दाजिबा वीरांची मिरवणूक बघ, देव्हाऱ्यातले टाक हातात घेऊन, लहान पोरांना देवांचे नि वीरांचे वेश घालून लोक वाजतगाजत गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर जातात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक पट्ट्यात बोहाडा होतो, रात्रभर संबळाच्या तालावर देवादिकांची सोंगं नाचतात, मुखवटे चढवून, आणि बऱ्याच गावांत कुठलं सोंग कोणत्या घराने नाचवायचं तो मान ठरलेला असतो. बोहाडा म्हणजे लार्प असं मी अजिबात म्हणणार नाही, ती त्यांची श्रद्धा आहे, तिथे जाऊन आपण आपली लेबलं चिकटवू नयेत. सांगायचं एवढंच की मुखवटा चढवलेल्या माणसाला इथे कोणी खोटारडा म्हणत नाही, कारण मुखवटा कधी चढला आणि कधी उतरला हे अख्ख्या गावाने बघितलेलं असतं.

आता लार्प आलं कुठून ते पटकन सांगते, म्हणजे कोणी विचारलं तर तुला सांगता येईल. अमेरिकेत बर्कलीला १९६६ पासून मध्ययुगीन वेश करून जमणारी, लुटुपुटूच्या लढाया करणारी मंडळी होती. १९७४ ला डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं. १९७७ मध्ये वॉशिंग्टनजवळ डॅगोरहिर नावाने फोमच्या हत्यारांच्या लढाया सुरू झाल्या. १९८२ मध्ये इंग्लंडात चेशायरमधल्या पेकफर्टन किल्ल्यात ट्रेझर ट्रॅप सुरू झालं, तिथे लोक पैसे भरून खऱ्या किल्ल्यात मोहिमेवर जायचे. आज जर्मनीत उन्हाळ्यात हजारो लोक तंबू ठोकून चार-पाच दिवस खेळतात. पण माझ्यासाठी जास्त महत्त्वाची शाखा नॉर्डिक देशांतली. १९९७ मध्ये ऑस्लोत क्नुटेपुंक्ट नावाचा मेळावा सुरू झाला, तेव्हापासून तो नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड असा फिरत असतो, आणि तिथल्या लोकांनी तलवारी बाजूला ठेवून घर, आजारपण, युद्ध, तुरुंग असल्या विषयांवर खेळ लिहिले. डेन्मार्कमध्ये होब्रो गावात तर एक निवासी शाळा आहे, तिथे इतिहास गणित सगळं भूमिका घेऊन शिकवतात. आणि हे हौशी लोकांपुरतंच आहे असंही नाही, डॉक्टरकीच्या मुलांना शिकवायला पेशंट बनून येणारी माणसं १९६० च्या दशकापासून वापरली जातायत, वकिलीच्या मुलांचं मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा खोटा खटला असतो, कारखान्यात मॉक ड्रिल असतं. सातपूर-अंबडला काम करणाऱ्या कोणालाही विचार, सायरन वाजल्यावर जखमी म्हणून स्ट्रेचरवर पडून राहायला कोणाला तरी सांगतातच.

आता मुद्द्याचं. सुरुवात तलवारीने करू नकोस. सगळे तिथूनच करतात आणि मग पहिल्याच खेळात चार पोरं एकमेकांना बडवत बसतात आणि बाकीचे मोबाईल बघतात. सुरुवात एका खोलीतल्या खेळाने कर. सहा ते आठ माणसं, दीड-दोन तास, एक प्रसंग, आणि प्रसंग असा की ज्यात कोणालाच उठून जाता येत नाही.

मी चालवते त्यातला एक सांगते म्हणजे कळेल. जुन्या नाशकातला वाडा बिल्डरला द्यायचाय, सगळी भावंडं ओसरीवर जमलीयेत, कागद तयार आहेत, संध्याकाळी बिल्डरचा माणूस येणार. थोरले दादा, वहिनी, मधला भाऊ पुण्याहून आलेला, धाकटा भाऊ आणि त्याची बायको, लग्न होऊन गेलेली बहीण म्हणजे घरातल्या मुलांची आत्या, आणि खालच्या खोलीतले जुने भाडेकरू. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायचीये. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला, त्यामुळे तिच्या सहीवाचून गाडं पुढे जाणारच नाही, आणि हे ओसरीवर सगळ्यांना माहितीये पण बोलत कोणी नाही. प्रत्येकाला मी एक पान देते. त्यात संवाद नसतात. तुला काय हवंय, तू काय लपवतोयस, आणि या खोलीतल्या दोघांबद्दल तुला आत काय वाटतं, बास.

एकदा आत्या झालेली बाई अकाउंट्सचं काम करणारी, शाळेच्या गॅदरिंगनंतर कधी स्टेजवर न गेलेली. खेळ तासभर चालला, चहा झाला, जुन्या आठवणी झाल्या, मग दादाने पेन पुढे केलं. तिने पेन घेतलं, टोपण काढलं, कागदावर टेकवलं आणि मान वर न करता विचारलं, "दादा, आईच्या पाटल्या कोणी मोडल्या रे?" माझ्या पानावर पाटल्या नव्हत्याच. कोणाच्याच पानावर नव्हत्या. दादा झालेला मुलगा काही बोलला नाही, उठला, पंखा बंद केला आणि परत येऊन बसला. पंखा का बंद केला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. पण त्या क्षणी पाटल्या त्यानेच मोडल्यात हे सगळ्यांना कळलं, वहिनी झालेल्या मुलीने पदर नीट केला, पदर म्हणजे जीन्सवर घेतलेली ओढणी होती ती, आणि मधला भाऊ म्हणाला की आज राहू दे, पुन्हा कधीतरी बसू. त्या दिवशी सही झालीच नाही.

हे कुठल्या नाटककाराने लिहिलेलं नव्हतं आणि बघायला कोणी प्रेक्षकही नव्हता. मला या छंदाचं वेड लागलंय ते यासाठी.

आता याच खेळाचा दुसरा भाग सांगते, तो तुला जास्त उपयोगाचा आहे. खेळ संपल्यावर आम्ही गोल करून बसलो तेव्हा तीच बाई म्हणाली की मला त्या मुलाचा खरंच राग आलाय, त्याचा नाही आला पाहिजे, पण आलाय. तिच्या माहेरी असंच काहीतरी झालेलं होतं. याला या क्षेत्रात ब्लीड म्हणतात, पात्राचं माणसात झिरपतं किंवा माणसाचं पात्रात. यात वाईट काही नाही, उलट बरेचदा लोक यासाठीच खेळतात, पण ते उघड बोललं गेलं नाही तर ती बाई तो राग घेऊन घरी जाते आणि पुढच्या वेळी त्या बिचाऱ्या मुलाशी नीट बोलत नाही, आणि त्याला कळतच नाही आपण काय केलं.

म्हणून माझं सगळ्यात ठाम सांगणं हे की खेळाची सुरुवात आणि शेवट यावर सगळ्यात जास्त मेहनत घे, मधलं आपोआप होतं. नवीन लोक उलटं करतात, महिनाभर कथा लिहितात, राज्यांचे नकाशे काढतात आणि त्या दिवशी चला सुरू म्हणतात. माझ्याकडे दीड तासाच्या खेळाआधी पाऊण तास तयारी असते. सगळे खऱ्या नावाने ओळख करून देतात. कोणत्या विषयाला हात लावायचा नाही हे प्रत्येकाने कागदावर लिहून द्यायचं, नाव न घालता. कोणाला स्पर्श चालेल, कुठपर्यंत, हे आधीच बोलायचं, हात धरणं वेगळं आणि खांद्यावर हात टाकणं वेगळं, आणि मुली असल्या की हे जास्तच नीट बोलायचं, लाजून सोडून द्यायचं नाही. मग थांबवायचे शब्द. इथे एक गोष्ट लक्षात ठेव, 'थांब' हा शब्द उपयोगाचा नाही, कारण भांडणात पात्रंच एकमेकांना थांब म्हणत असतात. नॉर्डिक लोक दोन शब्द वापरतात, एक पूर्ण थांबवायचा आणि एक जरा सैल कर म्हणायचा. आम्ही 'कट' आणि 'हळू' वापरतो. कट म्हटलं की सगळे जागच्या जागी गप्प, कारण विचारायचं नाही. हळू म्हटलं की खेळ चालू ठेवायचा पण समोरच्याने एक पाऊल मागे घ्यायचं. आणि हे नुसतं सांगून चालत नाही, खेळाआधी दोन-तीनदा खोटं खोटं कट म्हणायला लावायचं प्रत्येकाला, नाहीतर ऐन वेळी तोंडातून निघत नाही. आपल्याकडे तर जास्तच, आपल्याला मोठ्या माणसासमोर नको म्हणायची सवयच नसते.

शेवटही तसाच ठरवून करायचा. घड्याळ लावलेलं असतं, मी टाळी वाजवते, दिवे लावते. प्रत्येकाने पात्राची एक वस्तू काढून मधे ठेवायची, ओढणी, चष्मा, पेन, काहीही. मग बोलायचं, पण पात्राबद्दल बोलताना मी नाही म्हणायचं, 'तो' किंवा 'ती' म्हणायचं, म्हणजे आत्या काय करत होती ते सांग, तू काय करत होतीस ते नको. साधं वाटतं पण याने माणूस खरंच बाहेर येतो. मग एकत्र खायचं, मिसळ, भेळ, जे काय असेल ते, खाल्ल्याशिवाय कोणाला सोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला एक मेसेज टाकायचा, बरा आहेस ना म्हणून.

आणि आता परत त्या टोमण्याकडे येते, कारण त्याचं उत्तर इथेच आहे. रीलमधला तो माणूस ओढणी काढून मधे ठेवतच नाही. त्याच्या खेळाला टाळी नाही, कट नाही, सकाळी उठल्यावर पण तोच वेश. त्याचा त्रास त्याला पण होतो बरं का, मी अशी मुलं बघितलीयेत, मोठ्या शहरात भारी नोकरी आहे असं घरी सांगून ठेवलेलं आणि प्रत्यक्षात काहीच नाही, रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचं. त्यांना हसावंसं मला नाही वाटत. त्यांना कोणीतरी आता पुरे, बस इथे, असं म्हणायला हवं असतं. तुझ्या ग्रुपमधल्या मित्राला उत्तर देऊ नकोस, त्याला पहिल्या खेळाला बोलाव.

अभिनयाचं विचारलंस. येत नसेल तर चांगलंच आहे. खरं सांगते, माझ्याकडे सगळ्यात अवघड जातात ते मुरलेले नट. राज्य नाट्य स्पर्धा केलेला माणूस साईखेडकर नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला शिकलेला असतो, तो ओसरीवर बसून पण समोर कोणी नसताना एक बाजू देऊन बोलतो आणि आपल्याला मोठं वाक्य कधी मिळतंय याची वाट बघतो. लार्पमध्ये प्रेक्षक नसतो, जे बघतायत तेच खेळतायत. इथे चांगला खेळाडू म्हणजे समोरच्याला खेळायला देणारा. कोणी कोपऱ्यात गप्प बसलं असेल तर त्याला काहीतरी विचारणारा, तुझ्याकडून एवढं घेतलं होतं ते परत करायचं राहिलं बघ, असं म्हणून त्याच्या हातात धागा देणारा. हरायला तयार असणारा. तुला डंजन्स अँड ड्रॅगन्सची सवय आहे त्यामुळे जिंकायची खोड असणार, ती घालवायला वेळ लागेल. आणि पात्रासाठी वेगळा आवाज, लकब, असलं काही करत बसू नकोस, स्वतःच्याच आवाजात बोल, फक्त हवंय काय ते बदल.

आता तलवारी, कारण मला माहितीये तू मनातून त्यासाठीच आलायस. परदेशी दुकानातल्या लेटेक्स तलवारी सुंदर असतात, आत फायबरग्लासची कांडी, वर फोम, त्यावर लेटेक्स, पण मागवायला परवडत नाहीत. घरी होते. अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप घे, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. एसीच्या तांब्याच्या पाइपवर काळं मऊ इन्सुलेशन चढवतात ना, ते एसीचे स्पेअर पार्ट विकणाऱ्याकडे माग, एकोणीस एमएम जाडीचं घे, बारीक घेऊ नको. पाइपची दोन्ही टोकं आधी कापड आणि टेपने बंद कर, नाहीतर कापलेली कड आतून फोम फाडून बाहेर येते. फोम पाइपच्या टोकाच्या पुढे दोन इंच तरी गेला पाहिजे आणि त्या पोकळीत फोमचेच तुकडे ठासून भर. मग कापडी डक्ट टेप, आणि इथे सगळे चुकतात, टेप पट्टीसारखी गोल गोल गुंडाळत जातात, त्याने फोम आवळला जातो आणि तलवार दांडक्यासारखी कडक होते. टेपच्या लांब पट्ट्या पात्याच्या लांबीला उभ्या चिकटव, ताण न देता. झाल्यावर स्वतःच्या मांडीवर जोरात मारून बघ, मग पाठीवर मित्राला मारायला सांग. टोचलं किंवा वळ आला तर ती बाद. खेळताना डोकं, मान, आणि जांघेत वार नाही, भोसकायचं अजिबात नाही, आणि वार शेवटच्या क्षणी ओढून घ्यायचा, लागल्याचं समोरच्याने कबूल करायचं. प्रत्येक खेळाच्या आधी सगळी हत्यारं हाताने दाबून तपासायची, कारण फोम खचतो. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, टेपचा गोंद सुटून सगळं चिकट होतं.

खरं पातं आणायचं नाही, बोथट असलं तरी नाही, आजोबांची असली तरी नाही. तलवार बाळगल्याबद्दल आर्म्स ॲक्टखाली गुन्हे नोंदवले जातात आपल्याकडे, आणि पोलिसांना तुमचं पात्र कोण होतं याच्याशी काही देणंघेणं नसतं. तसंच खाकी. पोलीस किंवा सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करणं आणि फसवण्याच्या हेतूने त्यांचा वेश घालणं, याला भारतीय न्याय संहितेत कलम २०४ आणि २०५ आहेत, सैनिकाच्या गणवेशाचं कलम वेगळं, १६८. तुझा हेतू खेळाचा असेल, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला तो माहिती नसतो, आणि मघाशी म्हटलं तेच परत, ज्याला माहिती नाही त्याला खेळात ओढायचं नाही. खेळात पोलीस हवा असेल तर साधा शर्ट घाल आणि छातीवर कागद लाव, सगळे मानतील.

जागेचं पण याच हिशोबाने ठरव. पांडवलेणी डोक्यात येईल, नको, ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. रामशेज तर सगळ्यात आधी डोक्यात येईल, त्या गडाने मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलंय, तिथे जाऊन फोमच्या तलवारी फिरवलेल्या बघून कोणाला वाईट वाटलं तर त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. गडावर ट्रेकला जा, खेळायला नको. तपोवन, रामकुंड, पंचवटी, तिथे लोक श्राद्धाला, दर्शनाला आलेले असतात, सिंहस्थाच्या काळात तर विषयच काढू नको. खोलीतल्या खेळाला कोणाचा हॉल, सोसायटीचं क्लब हाऊस, शाळेचा वर्ग रविवारी मिळाला तर उत्तम. मैदानी खेळाला गिरणारे किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला ओळखीच्या कोणाचं शेत बघ, द्राक्षबाग मात्र नको, तारा नि अँगल असतात, धावताना गळ्यापाशी लागेल, आणि औषध फवारणी चालू असते. मालकाला काय करणार ते नीट सांग, शेजारच्या शेतावर पण सांगून ये, लांबून लढाईच दिसते ती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं, फक्त अंधार लवकर पडतो आणि थंडी चांगलीच असते, वेशाच्या आतून थर्मल घालायला सांग. उन्हाळ्यात दुपारी अजिबात नाही. पावसाळ्यात हॉल.

घरच्यांचं तू विचारलं नाहीस पण विचारशील. लपवू नकोस. आईला सांग की आम्ही आठ जण जमून एक गोष्ट जगून बघणारोत, प्रेक्षक नसलेलं नाटक असतं तसं, अमुक ठिकाणी, अमुक वाजता संपेल. अठराच्या आतलं कोणी येणार असेल तर त्याच्या आईवडिलांशी तू स्वतः फोनवर बोल आणि अशा वेळी खेळ हलका निवड. फोटो-व्हिडिओचं पण आधीच ठरव. आम्ही खेळ चालू असताना मोबाईल एका टोपलीत ठेवतो आणि फोटो नंतर, वेशात, पण खेळाबाहेर काढतो. रडणाऱ्या माणसाची तीस सेकंदाची क्लिप बाहेर गेली की बघणाऱ्याला मागचापुढचा काही संदर्भ नसतो, आणि तुझ्या मित्राचा तो टोमणा मग तिच्या वाट्याला येतो.

खर्च फार नाही. खोलीतल्या खेळाला प्रिंटआउट, चहा-नाश्ता आणि हॉलचं काय असेल ते, वर्गणी काढा आणि हिशोब ग्रुपवर टाक. कपडे घरातलेच, आजीचं लुगडं मागू नको, ओढणी नि जुना सदरा पुरतो.

आणि लोक येतील का ही काळजी असेल तर, आठ जण हो म्हणतात आणि पाच येतात, हे धरूनच चाल. लिहितानाच ठरवून ठेव की कोणती तीन पात्रं गळाली तरी गोष्ट उभी राहते, माझ्या वाड्याच्या खेळात भाडेकरू, धाकटा आणि त्याची बायको गळतात, दादा, वहिनी, मधला आणि आत्या असले की खेळ होतो. पाचवा आला तर बिल्डरचा माणूस करायचा, तो लवकर येऊन बसतो आणि सगळ्यांना त्याच्यासमोर गोड बोलावं लागतं, मग तर अजूनच छान होतं. पहिला खेळ लिहिलास की पात्रांची पानं मला पाठव, वाचून सांगते.